लिनक्स कर्नलला वेळ विचारली की नेमकं कोणतं घड्याळ उत्तर देतं?

सूक्ष्मलहर:
मंडळी, दोन आठवडे या प्रकाराने डोकं खाल्लंय, म्हणून शेवटी धागाच काढते. एका छोट्या लिनक्स बोर्डाला कंपन मोजणारा सेन्सर जोडलाय. दर १० मिलीसेकंदाला नवा नमुना तयार झाला की सेन्सर इंटरप्ट (प्रोसेसरला हाक) देतो, माझा ड्रायव्हर (सेन्सर हाताळणारा कोड) आयटूसीवरून (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांवरून) तो नमुना वाचतो, त्यावर वेळेचा शिक्का मारतो आणि पुढे पाठवतो. लागोपाठच्या दोन शिक्क्यांची वजाबाकी केली की १० च्या आसपास आकडा यायला हवा. आता काल बोर्ड सुरू केल्या केल्याचा हा तुकडा बघा, जसाच्या तसा, सगळं मिलीसेकंदात:

१०.०२
९.९७
१३.८१
६.२४
१०.००
−६३९०.०५
९.९९

म्हणजे एक नमुना त्याच्या आधीच्या नमुन्याच्याही सहा सेकंद आधी आला! हे दिवसभर होत नाही. असा उणे आकडा एकदाच येतो, तोही बोर्ड चालू केल्यावर मिनिटभरात. पण १३ आणि ६ वाले आकडे मात्र अधूनमधून येतच राहतात. शिक्क्यासाठी कर्नलचं (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं) केटाइम_गेट_रिअल हे फंक्शन वापरलंय, कारण फाइलमध्ये तारीख-वेळ दिसायला हवी होती. कर्नलमध्ये वेळ विचारायची इतकी फंक्शन्स आहेत की कुठलं कशासाठी तेच कळेनासं झालंय. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, अगदी मुळापासून सांगितलंत तरी चालेल.

रात्रपाळी:
उणे आकडा एनटीपीचा (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा). पैज लावायला तयार आहे.

लंबक:
रात्रपाळी बरोबर बोलतायत, पण ताईंनी मुळापासून विचारलंय तर जरा पसरून लिहितो.

कंप्युटरला आपण दोन वेगळे प्रश्न विचारत असतो आणि दोन्हींना 'वेळ' हा एकच शब्द वापरतो, सगळा घोळ इथूनच सुरू होतो. पहिला प्रश्न, आत्ता किती वाजले. दुसरा, मघापासून किती वेळ गेला. पहिल्याचं उत्तर जगाशी जुळायला हवं, त्यामुळे ते चुकीचं निघालं तर दुरुस्त करावंच लागतं, आणि दुरुस्त करायचं म्हणजे काटा पुढे किंवा मागे सरकवायचा. दुसऱ्याचं उत्तर कधीच मागे जाता कामा नये, मग बाहेर किती का वाजलेले असेनात.

कर्नलकडे खरं तर फक्त एक काउंटर असतो, प्रोसेसरमधला किंवा बोर्डावरचा, जो नुसता वाढत जातो. त्या आकड्याला एका गुणकाने गुणायचं आणि ठरावीक बिट उजवीकडे सरकवायचे की नॅनोसेकंद मिळतात. भागाकार महाग पडतो म्हणून ही गुणाकाराची युक्ती. यातून जे तयार होतं ते मोनोटॉनिक घड्याळ, त्याचा शून्य साधारण बूटच्या वेळचा. आणि 'आत्ता किती वाजले' हे वेगळं घड्याळच नाही, त्याच काउंटरमध्ये एक फरक मिळवला की रिअलटाइम. एनटीपीने काटा सरकवला म्हणजे काय केलं, तर तो फरक बदलला. काउंटरला त्याचा पत्ताही नसतो.

तुमच्या दोन नमुन्यांच्या मध्ये हा फरक बदलला. तुम्ही मोजत होतात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, पण विचारलात पहिला प्रश्न. रिअल काढून नुसतं केटाइम_गेट करा, उणे आकडा जाईल.

कुतूहल:
मी या क्षेत्रातला नाही, तरी विचारतो. साधं मनगटी घड्याळ एका सेलवर वर्षानुवर्षं महिन्याला काही सेकंदांच्या फरकात चालतं. मग एवढ्या ताकदीच्या कंप्युटरला बाहेरून वेळ विचारून दुरुस्त करायची पाळी का येते?

सोल्डरिंगवाली:
@कुतूहल, प्रश्न मस्त आहे आणि उत्तर मजेशीर आहे: बरेचदा दोघांच्या आत स्फटिक एकच असतो! ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ. हा आकडा २ चा १५ वा घात, म्हणजे १५ वेळा निम्मा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका. मदरबोर्डवर नाणं-सेलवर चालणारं जे आरटीसी (मशीन बंद असतानाही चालू राहणारं घड्याळ) असतं, त्यात हाच असतो.

फरक तापमानाचा. हा स्फटिक साधारण २५ अंशांना सगळ्यात वेगात कंप पावतो. तिथून गरम करा नाहीतर गार करा, तो मंदच होतो, आणि तेही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात, दर अंशवर्गाला साधारण ०.०३५ पीपीएम. मनगटावर तो त्वचेच्या ऊबेत राहतो, तापमान फारसं हलत नाही. कंप्युटरच्या पेटीत ४५ अंश झाले की २० चा वर्ग ४००, म्हणजे १४ पीपीएम, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंद मागे. पीपीएम म्हणजे दहा लाखात एक, आणि दिवसात ८६,४०० सेकंद, त्यामुळे १ पीपीएम म्हणजे दिवसाला ८६.४ मिलीसेकंद एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं तोंडी येतं.

शिवाय कंप्युटर चालू असताना कर्नल वेळेसाठी आरटीसीकडे बघतच नाही. बूटच्या वेळी एकदा वाचतो आणि मग काउंटरवर चालतो, त्या काउंटरचा स्फटिक वेगळा आणि त्याची चूक वेगळी.

घटिकापात्र:
मला वाटतं आपण उगाच अवघड करतोय. ड्रायव्हरमध्ये अंतर मोजायला जिफीज आहेत ना, वर्षानुवर्षं सगळे वापरतायत. एक व्हेरिएबल वाचायचं, वजाबाकी करायची, विषय संपला.

बिनटिक:
@घटिकापात्र, टाइमआउटसाठी जिफीज उत्तम, मी स्वतः वापरतो. पण इथे असहमत. जिफी म्हणजे टिकटिक मोजणारा आकडा, आणि टिक किती वेळाने पडते ते एचझेडवर (कर्नलची सेटिंग, सेकंदाला किती टिक) ठरतं: १००, २५०, ३०० किंवा १०००. २५० असेल तर एक जिफी ४ मिलीसेकंदाची. ताईंचं अंतरच १० मिलीसेकंद आहे, त्यांना कधी ८ दिसेल कधी १२, आणि खरा दोष त्याखाली झाकला जाईल.

दुसरं म्हणजे गुंडाळी. ३२ बिटी जिफीज एचझेड १००० असताना ४९.७ दिवसांत शून्यावर येतात. विंडोज ९५ ला हाच आकडा नडला होता, मिलीसेकंदाचा ३२ बिटी काउंटर ४९.७ दिवसांनी उलटला की मशीन लटकायचं. लिनक्समध्ये यावर एक उपाय आहे आणि तो मला मनापासून आवडतो: जिफीजची सुरुवात शून्यापासून करतच नाहीत, उणे ३०० सेकंदांपासून करतात, म्हणजे बूटनंतर पाचव्या मिनिटाला ३२ बिटी काउंटर उलटतोच. ज्याच्या ड्रायव्हरमध्ये 'आत्ता > शेवट' अशी सरळ तुलना असेल त्याचा ड्रायव्हर टेबलावरच पडतो, गिऱ्हाइकाकडे पन्नासाव्या दिवशी नाही. म्हणून टाइम_आफ्टर हा मॅक्रो. तो वजाबाकी करून चिन्ह बघतो, त्यामुळे गुंडाळी झाली तरी उत्तर बरोबर येतं.

घटिकापात्र:
हे पाच मिनिटांचं माहीत नव्हतं. ४ मिलीसेकंदाचा मुद्दा मान्य. पण मग क्लॉक_मोनोटॉनिक_रॉ का नको? त्याला एनटीपी शिवतच नाही म्हणे.

बिनटिक:
शिवत नाही हे खरंय. साध्या मोनोटॉनिकला एनटीपी उडी मारायला लावू शकत नाही पण त्याची चाल बदलू शकतो, गुणक जरासा कमीजास्त करून, फार तर ५०० पीपीएम. आता १० मिलीसेकंदाचे ५०० पीपीएम काढा: ५ मायक्रोसेकंद. तेही कमाल. आणि रॉ म्हणजे अचूक नव्हे, रॉ म्हणजे स्फटिकाची चूक आहे तशी. एनटीपीने चाल सुधारलेलं मोनोटॉनिक खऱ्या सेकंदाच्या जास्त जवळ असतं. रॉ लागतं ते घड्याळ शिस्तीत आणणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला, किंवा हार्डवेअरचीच चाल तपासणाऱ्याला.

रात्रपाळी:
काउंटरचा विषय निघालाय तर एक अनुभव सांगतो. मागे एका ठिकाणी डेटाबेसची मशीन्स सांभाळायचो. एके रात्री आठातलं एकच मशीन मंद. डिस्क ठीक, नेटवर्क ठीक, मेमरी रिकामी, आणि तरी सीपीयूचा मोठा हिस्सा कर्नलमध्ये जळतोय. पहाटेपर्यंत शोधत होतो. शेवटी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) एक ओळ सापडली, टायमकीपिंग वॉचडॉगने (काउंटरवर नजर ठेवणाऱ्या कोडने) टीएससी हा काउंटर अस्थिर ठरवलाय, अशा अर्थाची. कर्नलने भरवसा उडाल्यावर टीएससी सोडून एचपीईटी हा दुसरा काउंटर धरला होता.

टीएससी प्रोसेसरच्या आतच असतो, शिवाय व्हीडीएसओ या कर्नलच्या सोयीमुळे प्रोग्रॅमला कर्नलमध्ये न शिरता वेळ वाचता येते, आमच्या मशीनवर पंचवीस-तीस नॅनोसेकंदांत काम व्हायचं. एचपीईटी बाहेरच्या चिपमध्ये, तिथपर्यंत जाऊन यायचं आणि वर सिस्टिम कॉलही (कर्नलमध्ये शिरून विचारणं) खरा करायचा, एका वाचनाला मायक्रोसेकंदाच्या वर. आणि तो डेटाबेस एका क्वेरीत हजारो वेळा वेळ विचारायचा! तेव्हापासून नवीन मशीन हातात आलं की सिसएफएसमधली करंट_क्लॉकसोर्स फाइल (कुठला काउंटर वापरात आहे ते सांगणारी) आधी उघडून बघतो. त्या मशीनचं फर्मवेअर बदलल्यावर टीएससी परत आला.

लंबक:
रात्रपाळी, चांगलं लिहिलंत. त्या काळातल्या टीएससीची चाल प्रोसेसरच्या वेगाबरोबर बदलायची, झोपेत काही ठिकाणी तो थांबायचाही, म्हणून हा पहारेकरी ठेवला. आताच्या प्रोसेसरमध्ये तो एकाच चालीने आणि न थांबता चालतो.

अवांतर: पीसीतला मूळ टायमर, पीआयटी, ११,९३,१८२ हर्ट्झवर चालतो. असा वेडावाकडा आकडा का, तर १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक होता, अमेरिकन रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताच्या बरोबर चौपट. चारने भागला की टीव्हीचं चित्र, तीनने भागला की ४.७७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, बाराने भागला की टायमर. तो टायमर ६५,५३६ पर्यंत मोजून ठोका द्यायचा, म्हणून डॉसची टिक सेकंदाला १८.२. एसीपीआयचा (पीसीच्या वीज-व्यवस्थापनाच्या मानकाचा) टायमर आजही ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर चालतो. टीव्ही केव्हाच बदलला, त्याचा रंग कर्नलच्या कोडात राहिला.

कुतूहल:
वाह! लंबककाका, ही शेवटची गोष्ट एकट्यासाठीसुद्धा वेगळा धागा होईल.

जादासेकंद:
वेळेचा विषय आणि लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घातलेला जादा सेकंद) नाही? ३० जून २०१२ ची रात्र कुणाला आठवते का. २३:५९:५९ नंतर २३:५९:६० आलं आणि जगभर सर्व्हरचे सीपीयू १०० टक्क्यांवर गेले. कर्नलने रिअलटाइम एका सेकंदाने मागे घेतला, पण हाय-रिझोल्यूशन टायमरना 'घड्याळ बदललंय' हा निरोप दिलाच नाही. त्यांच्या लेखी वेळ एक सेकंद पुढेच. मग ज्या प्रोग्रॅमने 'अर्ध्या सेकंदाने उठव' म्हटलं त्याला टायमर लगेच उठवायचा, तो परत झोपायला जायचा, परत लगेच उठवलं, असं अखंड.

रात्रपाळी:
आठवते म्हणजे काय! आणि इलाज काय होता, तर डेट कमांडने आत्ताची वेळ आत्ताच्याच वेळेला सेट करायची. तेवढ्याने तो राहिलेला निरोप जायचा आणि सीपीयू गार. शंभरेक मशीन्सवर एकच ओळ चालवली आणि सगळे आलेख एकदम खाली आले, तो क्षण विसरणार नाही.

घटिकापात्र:
म्हणूनच ते सेकंद दिवसभरात पसरवून टाकायची पद्धत बरी. कुठलाच प्रोग्रॅम ६० वा सेकंद बघत नाही.

जादासेकंद:
मला ती पद्धत पटत नाही. एक सेकंद २४ तासांत पसरवला तर तेवढा वेळ तुमचं घड्याळ साधारण ११.६ पीपीएमने मुद्दाम चुकीचं चालतं, आणि एक सर्व्हर पसरवणारा, दुसरा न पसरवणारा असले की दोघांत अर्ध्या सेकंदापर्यंत भांडण. हे दोन्ही प्रकार एका जाळ्यात मिसळलेले मी बघितलेत. त्यापेक्षा सरळ टीएआय (आंतरराष्ट्रीय अणुवेळ) वापरा, त्यात लीप सेकंदच नाहीत, यूटीसीच्या (जगाच्या प्रमाणवेळेच्या) ३७ सेकंद पुढे. क्लॉक_टीएआय कर्नलमध्ये ३.१० पासून आहे. तसाही शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ चा, आणि २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलंय की २०३५ पर्यंत यूटीसी आणि पृथ्वीच्या फिरण्यातला मान्य फरकच वाढवायचा.

कुतूहल:
एक शंका. हे सगळं कर्नलचं झालं. ड्रायव्हरने वेळ चुकवली म्हणून अख्खं यंत्र बंद पडलंय असं कधी झालंय का?

सोल्डरिंगवाली:
झालंय ना. झून, मायक्रोसॉफ्टचा गाणी वाजवणारा प्लेअर. ३१ डिसेंबर २००८ ला ३० जीबीचं मॉडेल सगळीकडे एकदम गोठलं. दोष आरटीसीच्या ड्रायव्हरमध्ये. चिप १९८० पासूनचे दिवस मोजायची आणि ड्रायव्हर त्यावरून वर्ष काढायचा: दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर फिरत राहा. लीप वर्ष असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तर ३६६ वजा कर, वर्ष एकने वाढव. लीप नसेल तर ३६५ वजा कर, वर्ष वाढव. आता लीप वर्षाचा शेवटचा दिवस घ्या, दिवस बरोबर ३६६. ३६५ पेक्षा जास्त आहेत म्हणून लूपमध्ये शिरला. ३६६ पेक्षा जास्त नाहीत म्हणून वजाबाकी नाही. बाहेर पडायला वाटच नाही! दुसऱ्या दिवशी बॅटरी पूर्ण उतरवून परत चालू केलं की आपोआप ठीक, कारण तोवर १ जानेवारी उजाडलेली. चार वर्षांतून एक दिवस चालणारी ओळ कुणी तपासलीच नव्हती.

बिनटिक:
आता ताईंच्या आकड्यांकडे येऊ, मला ते −६३९०.०५ सोडवत नाहीये. त्यात मधले १० मिलीसेकंद धरले तर काटा ६.४ सेकंद मागे घेतला गेला. म्हणजे बूटच्या वेळी घड्याळ ६.४ सेकंद पुढे होतं. बूटला वेळ येते आरटीसीकडून. सूक्ष्मलहर, तुमच्या बोर्डाला नाणं-सेल आहे का, आणि त्या दिवसाआधी बोर्ड किती दिवस बंद होता?

सूक्ष्मलहर:
सेल आहे. आणि बोर्ड बरोबर चार दिवस कपाटात होता! तुम्हाला कसं कळलं?

बिनटिक:
कळलं नव्हतं, पण आता हिशेब जुळतो. चार दिवसांत ६.४ म्हणजे दिवसाला १.६ सेकंद, साडेअठरा पीपीएम. स्वस्त स्फटिकाला शोभणारा आकडा. अर्थात त्यात अर्ध्या सेकंदाची ढील ठेवा, कारण आरटीसी पूर्ण सेकंदच सांगतो आणि कर्नल बूटच्या वेळी त्यात सरळ अर्धा सेकंद मिळवून मोकळा होतो. नेटवर्क मिनिटभरात आलं, एनटीपीला एवढी मोठी चूक हळूहळू सरकवणं परवडेना, त्याने एकदम उडी मारली. दिवसभरात पुन्हा होत नाही कारण नंतरच्या चुका लहान असतात, त्या चाल बदलून निघतात.

सूक्ष्मलहर:
केटाइम_गेट केलं. काल आणि आज मिळून सहा वेळा बोर्ड बंद-चालू केला, उणे आकडा एकदाही नाही. सगळ्यांचे आभार, विशेषतः लंबक आणि बिनटिक. पण १३.८१ आणि ६.२४ सारख्या जोड्या अजून येतायत, त्यांना घड्याळ बदलल्याने काहीच फरक पडला नाही.

घटिकापात्र:
इंटरप्ट सोडून एमस्लीप(१०) (म्हणजे १० मिलीसेकंद झोप) लावून स्वतःच वाचत राहिलात तर?

सोल्डरिंगवाली:
नको नको. एचझेड १०० वर एमस्लीपला १ ते २० मधलं काहीही सांगा, झोप २० मिलीसेकंदापर्यंत लांबू शकते, तो टिकच्या हिशेबाने उठतो. कमी वेळासाठी युस्लीप_रेंज असतं, आणि इथे तर तेही नको, सेन्सर स्वतः हाक मारतोय ना.

सूक्ष्मलहर, तुमच्या जोडीची बेरीज करा. १३.८१ अधिक ६.२४ म्हणजे २०.०५. दोन नमुन्यांना बरोबर दोन अंतरं! नमुना उशिरा आला असता तर पुढचाही सरकला असता. इथे नमुना वेळेवर आलाय, फक्त त्याचा शिक्का ३.८ मिलीसेकंद उशिरा बसलाय. शिक्का कुठे मारताय? थ्रेडेड हँडलरमध्ये (इंटरप्टनंतर प्रोसेसर मिळेल तेव्हा चालणाऱ्या कोडमध्ये), आयटूसी वाचून झाल्यावर?

सूक्ष्मलहर:
हो. अगदी तिथेच. आयटूसी वाचताना झोपावं लागतं म्हणून सगळं थ्रेडमध्ये ठेवलं होतं, आणि शिक्काही तिथेच.

सोल्डरिंगवाली:
मग झालं. थ्रेडला प्रोसेसर मिळेपर्यंत जो वेळ जातो तो तुमच्या मोजमापात मिसळतोय. वरचा छोटा हँडलर लिहा, त्यात दोनच गोष्टी: केटाइम_गेट करून ठेवायचं आणि थ्रेडला उठवायचं. वाचन थ्रेडमध्येच राहू दे. इंटरप्टला वनशॉट हा पर्याय लावलेला असेल तर थ्रेड संपेपर्यंत इंटरप्टची तार झाकलेली राहते, त्यामुळे ठेवलेला शिक्का पुढच्या इंटरप्टने पुसला जाण्याची भीती नाही.

लंबक:
आणि तारीख-वेळ हवीच असेल तर दर मिनिटाला मोनोटॉनिक आणि रिअलटाइमची एक जोडी फाइलमध्ये लिहून ठेवा. शिक्के मोनोटॉनिकचे, आणि नंतर त्या जोडीवरून कुठल्याही नमुन्याची तारीख काढता येते. एनटीपीने उडी मारली तर तीही जोड्यांत स्पष्ट दिसेल.

सूक्ष्मलहर:
केलं. आजचा तुकडा:

१०.०१
१०.००
९.९९
१०.०१
१०.००

तासाभराच्या फाइलमध्ये सगळ्यात मोठं अंतर १०.०६. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा आलेख सरळ रेषेत दिसला, खूप छान वाटलं बघून. जोड्या लिहायचंही लंबककाकांनी सांगितलं तसं घातलं.

रात्रपाळी:
अभिनंदन! एकच विचारतो, बोर्ड रात्री झोपवता का, बॅटरी वाचवायला?

सूक्ष्मलहर:
हो, रात्री ११ ते सकाळी ६ सस्पेंड. का?

रात्रपाळी:
सकाळच्या पहिल्या नमुन्याचं अंतर बघा.

सूक्ष्मलहर:
आत्ता फाइल उघडली. रात्रीचा शेवटचा आणि सकाळचा पहिला यांच्यात ८४२ मिलीसेकंद! सात तास कुठे गेले?

बिनटिक:
मोनोटॉनिक सस्पेंडमध्ये थांबतं. झोपेचा वेळ धरायचा असेल तर केटाइम_गेट_बूटटाइम, तेही मागे जात नाही. कर्नलच्या ४.१७ आवृत्तीच्या वेळी दोन्ही एकच करायचा प्रयत्न झाला होता, पण झोपेतून उठल्यावर जुन्या प्रोग्रॅमना वाटलं सगळे टाइमआउट संपले, म्हणून तो बदल मागे घ्यावा लागला. तुमच्या ड्रायव्हरमध्ये एका ओळीचा बदल आहे.

सूक्ष्मलहर:
बदलला. उद्या सकाळी सहानंतर आकडा टाकते इथेच.

सूक्ष्मलहर:
२,५२,००,८३७.४ मिलीसेकंद. सात तास आणि वर ८३७ मिलीसेकंद, झोपायला आणि उठायला लागलेले.